बँकांच्या संकेतस्थळांची पारख : वेग आणि भरवसा

पीककर्जाच्या परतफेडीची मुदत दोन दिवसांवर आलेली असते. तुरीची रक्कम आडत्याने खात्यावर जमा केलेली असते. परंतु ते खाते एका बँकेत आणि कर्जखाते दुसऱ्या बँकेत. तालुक्याचे ठिकाण दूर, आणि दुपारची एस. टी. निघून गेलेली. अशा वेळी शेतकरी घरीच बसून मोबाईलवर बँकेचे संकेतस्थळ उघडतो, रक्कम लिहितो, कळ दाबतो आणि पडद्यावर एक चक्र फिरू लागते. पाच मिनिटांनी चक्र नाहीसे होते व कोरा पडदा उरतो. पैसे गेले की राहिले, हे कळत नाही. रक्कम मुदतीत पोहोचली नाही, तर वेळेवर परतफेड करणाऱ्यास केंद्र शासनाकडून मिळणारी ३ टक्के व्याजसवलत हातची जाते. तीन लाखांच्या कर्जावर एका वर्षाची ही सवलत ९ हजार रुपयांची होते. पुन्हा कळ दाबावी, तर रक्कम दोनदा जाण्याचे भय. न दाबावी, तर मुदत टळण्याचे भय.

असा प्रसंग घडला की गावात मते ठरून जातात. एका बँकेचा सर्व्हर नेहमीच डाऊन असतो, दुसऱ्या बँकेचे काम चुटकीसरशी होते, सहकारी बँकेच्या वाटेस जाऊ नये, अशी ही मते असतात व ती चावडीवरून सोसायटीच्या ओट्यापर्यंत पोहोचतात. त्यांच्यामागे बहुधा एखाददुसरा अनुभव असतो. बियाण्याच्या वाणाविषयी कोणी एकाच वाफ्यावरून असे मत दिले, तर जाणता शेतकरी ते मानीत नाही. जमीन कोणती होती, पाणी किती दिले, पेरणी केव्हा झाली, शेजारी दुसरा वाण लावला होता काय, हे तो विचारतो. बँकांच्या संकेतस्थळांची तुलनाही ह्याच रीतीने करता येते, आणि तिला लागणारी साधने म्हणजे एक मोबाईल, एक वही व थोडा धीर एवढीच होत.

कळ दाबल्यानंतर काय होते

‘रक्कम पाठवा’ ही कळ दाबली म्हणजे तो हुकूम पाच हातांतून जातो. प्रथम मोबाईलवरून गावाजवळच्या टॉवरकडे व तेथून इंटरनेट कंपनीच्या जाळ्यात. मग बँकेच्या संकेतस्थळाच्या संगणकाकडे. तेथून बँकेची सर्व खाती ज्यावर ठेवलेली असतात त्या मुख्य संगणकाकडे. पुढे मध्यवर्ती यंत्रणेकडे. आणि अखेरीस ज्यास पैसे द्यावयाचे त्याच्या बँकेकडे. मध्यवर्ती यंत्रणा दोन आहेत. एनईएफटी व आरटीजीएस ह्या पद्धती रिझर्व्ह बँक चालविते, तर आयएमपीएस व यूपीआय ह्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, म्हणजेच एनपीसीआय, ही संस्था चालविते.

कालव्याच्या टोकाच्या शेतकऱ्यास पाणी मिळाले नाही, तर दोष धरणाचा, वितरिकेचा की शेतचारीत माजलेल्या गवताचा, हे पाहिल्यावाचून तक्रार कोणाकडे करावी हे ठरत नाही. येथेही तसेच आहे. कोणतेच संकेतस्थळ उघडत नसेल, तर अडचण टॉवरची किंवा इंटरनेटची आहे. बँकेस दोष देण्यात अर्थ नाही. इतर संकेतस्थळे उघडत असून बँकेचेच उघडत नसेल, तर बँकेच्या दारातच अडथळा आहे. संकेतस्थळ उघडले, पासवर्ड मान्य झाला, पण शिल्लक दिसत नाही, तर खात्यांचा मुख्य संगणक सुस्तावला आहे असे समजावे. आणि शिल्लकही दिसली, पण पाठविलेली रक्कम पोहोचत नाही, तर मध्यवर्ती यंत्रणा किंवा पलीकडची बँक ह्यांपैकी एकीकडे काम अडले असण्याचा संभव अधिक. दुसऱ्या एखाद्या बँकेतील खात्यावर दहा रुपये पाठवून पाहिले, तर हाही उलगडा होतो.

ओटीपीची गोष्ट वेगळी. तो संदेश इंटरनेटवरून न येता मोबाईलच्या साध्या संदेशसेवेने येतो. डोंगरी भागात घरात वायफायमुळे इंटरनेट चांगले चालते, पण सिमकार्डास रेंज नसते. मग संकेतस्थळ क्षणात उघडते आणि ओटीपी दहा मिनिटांनी, त्याची मुदत संपल्यावर, येऊन पडतो. अशा घरी बँक बदलून काही साधत नाही. सिमकार्ड बदलावे लागते किंवा व्यवहारापुरते अंगणात यावे लागते.

रक्कम कोणत्या वाटेने गेली

दोन बँकांच्या वेगाची तुलना करताना सर्वांत मोठी चूक होते ती येथे. एकाने एनईएफटीने पैसे पाठविलेले असतात, दुसऱ्याने आयएमपीएसने. आणि वेगातील फरक मात्र बँकांच्या नावावर मांडला जातो. ज्वारी आणि मका ह्यांच्या उताऱ्याची तुलना करून शेताचा कस ठरविण्यासारखेच हे आहे.

एनईएफटी ही पद्धत २००५ साली सुरू झाली व १६ डिसेंबर २०१९ पासून ती रात्रंदिवस, सुटीच्या दिवशीही चालू असते. तरी तिच्यात प्रत्येक रक्कम स्वतंत्रपणे जात नाही. अर्ध्या तासात आलेले हुकूम एकत्र करून त्यांचा एक गट पाठविला जातो. दिवसाला असे ४८ गट होतात. गटाचा हिशेब पुरा झाल्यापासून दोन तासांच्या आत पलीकडच्या बँकेने रक्कम खात्यावर जमा करावयाची असते. म्हणून गट सुटण्याच्या अगोदर दोन मिनिटे कळ दाबणाऱ्याचे पैसे लवकर पोहोचतात आणि गट सुटल्यावर दोन मिनिटांनी दाबणाऱ्यास पुढच्या गटाची वाट पाहावी लागते. दोघांची बँक एकच असली तरीही असे घडते. एनईएफटीने गेलेली रक्कम तासाभरात पोहोचली नाही, म्हणून बँक नादुरुस्त ठरत नाही. ह्या पद्धतीचा मोठा लाभ असा की बचत खात्यावरून संकेतस्थळाद्वारे केलेल्या एनईएफटीस जानेवारी २०२० पासून शुल्क लागत नाही.

आरटीजीएसमध्ये प्रत्येक रक्कम स्वतंत्रपणे व लगेच जाते, आणि पलीकडच्या बँकेने ती ३० मिनिटांत जमा करावयाची असते. परंतु रक्कम किमान २ लाख रुपये असावी लागते. ट्रॅक्टर किंवा जमीन ह्यांच्या खरेदीस ती योग्य. ही पद्धत १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालते. आयएमपीएस ही २०१० साली सुरू झालेली पद्धत शेतकऱ्याच्या बहुतेक तातडीच्या कामांस पुरेशी आहे. तिच्यात पैसे काही क्षणांत पोहोचतात. तिची कमाल मर्यादा ५ लाख रुपये असली तरी प्रत्येक बँक आपल्या ग्राहकांसाठी त्याहून कमी मर्यादा ठेवू शकते, व शुल्कही निरनिराळे असते. २०१६ साली आलेली यूपीआय सर्वांच्या परिचयाची आहे. तिची सर्वसाधारण मर्यादा दिवसास १ लाख रुपये आहे.

ह्याखेरीज पहिल्या व्यवहारास लागणारा वेळ निराळा धरावा लागतो. नवीन खातेदाराचे नाव संकेतस्थळावर नोंदविल्यानंतर अनेक बँका काही तास किंवा एक दिवस त्यास मोठी रक्कम पाठवू देत नाहीत. ही दिरंगाई मुद्दाम ठेवलेली असते. कारण चोरट्याच्या हाती पासवर्ड गेला, तरी खातेदारास सावध होण्यास अवधी मिळावा. कर्जखात्याचा क्रमांक, सोसायटीचे खाते, खतविक्रेत्याचे खाते ही नावे निकड नसताना नोंदवून ठेवावीत व प्रत्येकास एक रुपया पाठवून पाहावा. मुदतीच्या दिवशी हे काम काढणे म्हणजे पाऊस पडल्यावर तिफण दुरुस्तीस नेणे होय.

तसेच, आपल्या बँकेचे संकेतस्थळ व्यवहाराचे आहे की केवळ पाहण्याचे, हे प्रथम विचारून घ्यावे. सहकारी बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने हा भेद केलेला आहे. काही बँकांच्या संकेतस्थळावर शिल्लक व उतारा पाहता येतो, पण पैसे पाठविता येत नाहीत. त्यासाठी बँकेस स्वतंत्र परवानगी लागते. अशा संकेतस्थळाची इतरांशी तुलना करून ते मंद ठरविणे अन्यायाचे होईल.

वेग निराळा, भरवसा निराळा

वेग म्हणजे काम सुरळीत चालले असताना लागणारा वेळ. भरवसा म्हणजे दर शंभर वेळांत काम पुरे होण्याचे प्रमाण. ह्या दोन गुणांची गल्लत फार होते, आणि त्यांत वेगास नको तितके महत्त्व दिले जाते. पान तीन सेकंदांत उघडले काय आणि दहा सेकंदांत उघडले काय, शेतकऱ्याचे त्यात फारसे बिघडत नाही. वर्षातून ज्या चार दिवशी त्याचे काम निकडीचे असते, त्या दिवशी ते पान उघडावे, ह्याला मोल आहे.

एखादी सेवा ९९.५ टक्के वेळ चालू असते, असे म्हटले म्हणजे ते फार चांगले वाटते. हिशेब करून पाहावा. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात. त्यांचा अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटे. हे साडेतीन तास मध्यरात्रीनंतर दुरुस्तीसाठी गेले, तर कोणाच्या ध्यानातही येणार नाही. तेच परतफेडीच्या किंवा विमाहप्त्याच्या शेवटच्या दुपारी गेले, तर सगळा गाव खोळंबतो. आणि शेवटच्या दिवशी सर्वांचीच गर्दी होत असल्याने अडथळा नेमका त्याच दिवशी येण्याचा संभव अधिक असतो. १ एप्रिल रोजी बँका वार्षिक हिशेबात गुंतलेल्या असतात, हेही ध्यानात ठेवावे.

एनपीसीआय दर महिन्यास प्रमुख बँकांचे यूपीआयचे आकडे प्रसिद्ध करते. त्यांत नकार मिळालेल्या व्यवहारांचे दोन प्रकार दिलेले असतात. ग्राहकाने पिन चुकविला, शिल्लक अपुरी होती किंवा मर्यादा ओलांडली, तर तो व्यवहारी नकार. बँकेची यंत्रणा किंवा जाळे बंद असल्याने काम झाले नाही, तर तो तांत्रिक नकार. बँकेची पारख करणाऱ्याने तांत्रिक नकाराचाच स्तंभ पाहावा. हे आकडे संकेतस्थळाचे नसून यूपीआयचे आहेत खरे. परंतु दोन्हींच्या मागे खात्यांचा मुख्य संगणक एकच असल्यामुळे त्यांवरून अंदाज बांधता येतो. महिन्याच्या सरासरीत एका दुपारचा खोळंबा बुडून जातो, एवढी उणीव मात्र त्यांत राहतेच.

बँक मोठी म्हणून भरवशाची, असेही धरून चालता येत नाही. वारंवार खंडित होणाऱ्या सेवेच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेस नव्या डिजिटल सेवा व नवी क्रेडिट कार्डे थांबविण्यास सांगितले होते. ते निर्बंध मार्च २०२२ पर्यंत पूर्णपणे उठले. एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्र बँकेवर संगणकव्यवस्थेतील उणिवांबद्दल तशाच प्रकारचे निर्बंध आले व फेब्रुवारी २०२५ मध्ये ते मागे घेण्यात आले. दोन्ही बँका देशातील मोठ्या खाजगी बँकांपैकी आहेत, आणि निर्बंध उठण्यापूर्वी त्यांना आपली व्यवस्था सुधारावी लागली.

ग्रामीण भागास अधिक जवळची घटना ३१ जुलै २०२४ची आहे. सहकारी व प्रादेशिक ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज ह्या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर संगणकचोरांचा हल्ला झाला. त्याचा संसर्ग इतरत्र पोहोचू नये म्हणून एनपीसीआयने त्या कंपनीचा संबंध तात्पुरता तोडला. त्यामुळे देशातील सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे पैसे पाठविण्याचे काम थांबले. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्ट रोजी, ते पूर्ववत झाले. ह्या बँकांचे एकमेकींशी नाते काहीच नव्हते. त्यांना सेवा देणारा एक होता. म्हणून अडीअडचणीसाठी दुसरे खाते ठेवावयाचे, तर ते निराळ्या प्रकारच्या बँकेत असावे. एक खाते जिल्हा सहकारी बँकेत असेल, तर दुसरे राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा टपाल खात्याच्या बँकेत. एकाच विहिरीवर दोन मोटारी बसविल्याने, विहीर आटल्यावर, काही उपयोग होत नाही.

गावात घ्यावयाची चाचणी

गावातील लोकांची खाती ज्या दोन-तीन बँकांत अधिक असतील, त्या निवडाव्यात. प्रत्येक बँकेचा एक इच्छुक खातेदार घ्यावा. नोंद कार्यकर्त्याने करावी, पण मोबाईल खातेदाराच्याच हाती असावा. पासवर्ड, पिन किंवा ओटीपी कार्यकर्त्याने विचारू नये, पाहू नये आणि वहीत तर मुळीच उतरवून घेऊ नये. लोक विश्वासाने तो सांगून टाकतात. अशा वेळी त्यांना तेथेच थांबवावे.

वाणांच्या चाचणीत जमीन, खत व पाणी सारखे ठेवतात, तसे येथे जागा, वेळ व मोबाईल कंपनी सारखी ठेवावी. सर्वांनी एकाच ठिकाणी, उदाहरणार्थ ग्रामपंचायतीच्या ओसरीवर, बसावे. शक्य असल्यास एकाच मोबाईलच्या इंटरनेटवरून सर्वांची कामे करावीत. ज्यास पैसे पाठवावयाचे ते खातेही एकच असावे, आणि पद्धतही एकच. आयएमपीएसला शुल्क लागत असेल तर ते आधी पाहून घ्यावे. नियंत्रण वाफ्याऐवजी त्याच वेळी बँकेशी संबंध नसलेले एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. तेही उघडले नाही, तर त्या वेळची नोंद बाद करावी. कारण तो दोष जाळ्याचा.

वहीत तारीख, वेळ, बँक, पान उघडण्यास लागलेले सेकंद, शिल्लक दिसेपर्यंतचे सेकंद, पाठविलेले दहा रुपये पोहोचले किंवा नाही, आणि पोहोचले नसल्यास परत केव्हा आले, एवढे स्तंभ पुरेत. दिवस निवडताना साधे दिवस, बाजाराचा दिवस, महिनाअखेरचे दोन दिवस व शक्य तर एखाद्या अनुदानाचा हप्ता जमा झाल्याचा दिवस घ्यावा. पीएम-किसानचा हप्ता आल्याच्या दिवशी शिल्लक पाहणाऱ्यांची जी झुंबड उडते, ती हीच खरी कसोटी. सकाळ, दुपार व संध्याकाळ अशा तिन्ही वेळा साधाव्यात.

आकडे जमल्यावर सरासरी काढण्याची घाई करू नये. समजा, एका बँकेस सात वेळा ९, ८, १०, ९, ११, ९ व १० सेकंद लागले व सातही वेळा काम झाले. दुसरीस ४, ३, ४, ३, ९५ व ४ सेकंद लागले आणि सातव्या वेळी काम झालेच नाही. पहिलीची सरासरी सुमारे साडेनऊ सेकंद येते. दुसरीची सुमारे एकोणीस. ह्यावरून दुसरी बँक मंद आहे असे वाटेल, पण ते खरे नाही. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला पाहिला, तर पहिलीचा ९ व दुसरीचा ४ येतो. दुसरी बँक बहुतेक वेळा दुपटीहून अधिक वेगवान आहे. मात्र ती कधी रेंगाळते आणि कधी अडते. म्हणून प्रत्येक बँकेपुढे तीन गोष्टी लिहाव्यात : मधला आकडा, सर्वांत मोठा आकडा आणि अडलेल्या व्यवहारांची संख्या. किराणा दुकानाच्या उधारीस दुसरी बँक चालेल. कर्जाच्या परतफेडीस पहिली बरी.

सात नोंदी उदाहरणापुरत्या ठीक. निर्णयासाठी प्रत्येक बँकेच्या निदान तीस नोंदी असाव्यात. तीसच्या तीस व्यवहार सुरळीत झाले तरी, संख्याशास्त्राच्या हिशेबाने, अडथळ्याचे खरे प्रमाण शेकडा दहापर्यंत असू शकते. गावची चाचणी वाईट बँक ओळखण्यास उपयोगी पडते. दोन चांगल्या बँकांतील सूक्ष्म फरक तिने कळणार नाही, आणि त्यावरून कोणी खाते हलवूही नये.

पत्त्याची खात्री

संकेतस्थळाचा पत्ता शोधयंत्रात शोधू नये किंवा कोणी पाठविलेल्या संदेशातील दुव्यावर बोट ठेवू नये. पासबुकावर छापलेला किंवा शाखेतून लिहून आणलेला पत्ताच वापरावा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ ह्या राखीव पत्त्यावर न्यावयाची होती. तेव्हा पत्त्याच्या अखेरीस इंग्रजी अक्षरांत हे शब्द आहेत काय, ते पाहावे. नकली संकेतस्थळ उघडताना कधी कुरकुरत नाही, हे वेगावर भाळणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

रक्कम पाठविताना खाते क्रमांक तपासण्याचे कामही खातेदारावरच पडते, कारण पैसे जमा होतात ते क्रमांकावरून. एनईएफटी व आरटीजीएस करण्यापूर्वी त्या क्रमांकाच्या खातेदाराचे नाव दाखविण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले होते. संकेतस्थळावर ती असल्यास नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. बँकांचे विलीनीकरण झाले असेल, तर जुना आयएफएस कोडही चालेनासा होतो. वहीत जपून ठेवलेला कोड एकदा शाखेतून ताडून घ्यावा.

पैसे मध्येच अडकल्यास

चक्र फिरत राहिले व पडदा कोरा झाला, तर पहिली गोष्ट म्हणजे पुन्हा कळ न दाबणे. खात्याचा उतारा पाहावा. संकेतस्थळ उघडत नसेल, तर साध्या मोबाईलवरूनही *९९# लावून शिल्लक पाहता येते. त्यास इंटरनेट लागत नाही, मात्र मोबाईल क्रमांक खात्याशी जोडलेला असावा. रक्कम वजा झाली नसेल, तर व्यवहार झाला नाही. वजा झाली असेल, तर संदर्भ क्रमांक, तारीख व वेळ लिहून घ्यावी आणि पडद्याचे छायाचित्र ठेवावे.

दर दोन मिनिटांनी विचारणा करीत बसल्याने काम लवकर होत नाही. उलट सर्वांचेच अडते. १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय काही तास विस्कळीत झाली होती. काही बँकांकडून ‘ह्या व्यवहाराचे काय झाले?’ ही एकच विचारणा फार मोठ्या संख्येने आल्यामुळे यंत्रणेवर भार पडला, असे एनपीसीआयच्या तपासणीत आढळले. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून एका ॲपवरून दिवसात ५० हून अधिक वेळा शिल्लक पाहण्यास बंदी आली.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये अडकलेल्या रकमांसाठी मुदती घालून दिल्या. आयएमपीएस किंवा यूपीआयने दुसऱ्याच्या खात्यावर पाठविलेली रक्कम वजा झाली पण जमा झाली नाही, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत परत आली पाहिजे. दुकानदारास यूपीआयने दिलेल्या रकमेस, तसेच एटीएममधून नोटा न येता वजा झालेल्या रकमेस, व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांची मुदत आहे. त्यापुढे प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई बँकेने द्यावयाची असते. दिवस कॅलेंडरचे धरावयाचे, सुट्या वगळावयाच्या नाहीत. ३ जून रोजी आयएमपीएसने पाठविलेले पैसे ४ जूनपर्यंत परत यावयास हवेत. ते ९ जूनला आले, तर पाच दिवसांचे ५०० रुपये होतात. ही भरपाई ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता बँकेने स्वतः जमा करावी, असे त्या आदेशात म्हटले आहे. तरी उतारा पाहून खात्री करून घेणे बरे. एनईएफटीच्या विलंबाची रीत निराळी आहे. तेथे विलंबाच्या काळाचे व्याज रेपो दर अधिक २ टक्के ह्या दराने मिळते.

भरपाई मिळाली तरी हुकलेली व्याजसवलत तीतून भरून निघत नाही. सबब परतफेडीची रक्कम मुदतीपूर्वी निदान तीन दिवस पाठवावी आणि जमा झाल्याची नोंद कर्जखात्याच्या उताऱ्यावर पाहावी. गटसचिवासही तो उतारा दाखवावा. पाठविणाऱ्या बँकेचा ‘व्यवहार यशस्वी’ हा संदेश कर्जखात्यावरील जमेचा पुरावा ठरत नाही. एनईएफटीमध्ये तर हे विशेषच खरे आहे.

तक्रार प्रथम आपल्याच बँकेकडे, म्हणजे जिच्या खात्यातून रक्कम वजा झाली तिच्याकडे, लेखी करावी व तिचा क्रमांक घ्यावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याविषयीची माहिती १४४४८ ह्या क्रमांकावर मिळते. फसवणुकीने पैसे गेले असतील, तर तीस दिवस थांबावयाचे नाही. त्याच क्षणी बँकेस व १९३० ह्या क्रमांकावर कळवावे. कारण पैसे पुढच्या खात्यातून काढून घेण्यापूर्वी गोठविता आले, तरच ते परत मिळण्याची आशा अधिक. हे दोन्ही क्रमांक, गावातील बँकांच्या संकेतस्थळांच्या तपासून घेतलेल्या पत्त्यांसह, सोसायटीच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर खडूऐवजी रंगाने लिहून ठेवावेत.